का मेलास ते सांग

आमच्या बाईंना कुणी मेलं की आनंद व्हायचा. चेहरा उजळायचा, अंबाड्यात खोचलेला खडू हातात यायचा आणि मेलेल्याच्या अगदी जवळ जाऊन त्या विचारायच्या, "का मेलास ते सांग."

मेलेला बहुतेक वेळा बबन असायचा. तो मान खाली घालून दोन्ही हात चड्डीला पुसायचा आणि म्हणायचा, "बाई, वीट आडवी पडली."

"वीट आपली आपण पडली? तिला काय पाय होते?"

बबन परत विचारात पडायचा. तोवर मशीनच्या पडद्यावर खेळ संपल्याची इंग्रजी पाटी लुकलुकत असायची आणि मागे उभी असलेली आम्ही बाकीची पोरं बबनच्या मरणाचा आपापल्या परीनं तपास करत असायचो.

हे चालायचं नेवाशाच्या एसटी स्टँडमागे, व्हिडिओ गेमच्या गाळ्यात. नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. बाई आम्हाला सातवीला होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या, पन्नाशीच्या घरातल्या, गावात मान असलेल्या बाई. शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्या वर्गातली निम्मी पोरं घेऊन या गाळ्यात यायच्या. घरी आम्ही 'जादा तास आहे' एवढंच सांगायचो, आणि ते खोटंही नव्हतं. वाया गेलेलं पोर हरवलं तर आधी इथं शोधावं, अशी त्या गाळ्याची ख्याती होती.

बाई उंच होत्या आणि चालताना जरा पुढे झुकायच्या. घड्याळ उजव्या मनगटावर, तेही तबकडी आतल्या बाजूला. छत्री बारा महिने काखेत. खडू अंबाड्यात खोचायची सवय अशी की दुपारपर्यंत तिथं तीन-चार जमायचे, आणि बाई फळ्यापुढे उभ्या राहून "माझा खडू कुणी घेतला?" म्हणून आम्हाला दटावायच्या. आम्ही बोटानं अंबाडा दाखवायचो. मग आमच्याकडे पाठ करून त्या स्वतःशीच बोलायला लागायच्या. "मी का विसरले? कारण खोचताना माझं लक्ष उदाहरणात होतं. म्हणजे उदाहरण लिहून झाल्याशिवाय खडू हातातून सोडायचा नाही." हा निकाल लागेपर्यंत शिकवणं बंद. दुसऱ्या दिवशी परत तीन खडू अंबाड्यात असायचेच, ती गोष्ट वेगळी.

राहायला त्या नेवासा फाट्याला. एसटी चुकली की स्टँडवरच्या बाकावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात चौकशी भरायची. "आज मी एसटीला मेले. का मेले? कारण कालची उशिरा आली म्हणून आजचीही येईल असं धरून चालले." नवखा प्रवासी दचकून लांब सरकायचा. त्यांचे यजमान तलाठी कार्यालयात होते, अतिशय सोशिक माणूस. एकदा आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते हळूच म्हणाले, "पोरांनो, आमच्याकडे रोज दोन-तीन मरणं होतात. काल वरण मेलं, आज सकाळी मी मेलो. चहा घेणार का?"

या चौकशीला एकच नियम होता आणि तो बाई पाढ्यासारखा म्हणून घ्यायच्या. "नशीब आणि मशीन, ही दोन कारणं सोडून बोल." नशीब खराब होतं म्हणायचं नाही, मशीन खराब होतं म्हणायचं नाही. ही दोन दारं बंद केली की माणूस कसा कोंडीत सापडतो हे ज्यानं अनुभवलंय त्यालाच कळेल. आम्ही सगळी अनुभवत होतो.

आता आम्ही म्हणजे कोण, तेही सांगायला हवं. आम्ही म्हणजे गाळ. हा शब्द शाळेच्या हेडमास्तरांचा, म्हणजे मोठ्या गुरुजींचा. ते वाईट नव्हते. त्यांना शाळेच्या निकालाची काळजी होती आणि सातवीच्या स्कॉलरशिपला निकाल चांगला दिसावा म्हणून ते फक्त चुणचुणीत पोरांनाच बसवायचे. उरलेल्यांबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. बाईंनी आमचं नाव काढलं की ते म्हणायचे, "बाई, मराठी पाठ करून घ्याल, गणितं घोटून घ्याल. पण बुद्धिमत्ता चाचणीच्या पेपरचं काय? ती उपजतच असावी लागते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

"आड खणता येतो, गुरुजी," बाई म्हणायच्या. "आणि गाळ काढल्याशिवाय झरा लागत नाही, हे तुमच्याच मळ्यातल्या विहिरीवर तुम्ही मला सांगितलंय."

शेवटी गुरुजी हसले आणि म्हणाले, "न्या तुमचा गाळ. सराव परीक्षेत काही दिसलं, तर यांचेही फॉर्म भरू. नाही दिसलं, तर विषय संपला."

खरं सांगायचं तर गुरुजींचं आमच्याबद्दलचं निदान अगदीच चूक नव्हतं. बुद्धिमत्तेच्या पेपरात आकृत्या असायच्या. ही आकृती अर्धी फेरी फिरवली तर कशी दिसेल, आरशात कशी दिसेल, यातली गटात न बसणारी कोणती. आकृती फिरवा म्हटलं की आम्ही पुस्तकच फिरवायचो. बाईंनी पुस्तक फिरवायला बंदी केली तेव्हा आम्ही माना फिरवायला लागलो. माना वाकड्या केलेला आमचा वर्ग पाहून शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी विचारलं होतं, "या मुलांना काही त्रास आहे का?" त्या दिवशी बाई पहिल्यांदा मला थकलेल्या दिसल्या.

त्याच आठवड्यात त्यांना बबन सापडला. एसटी चुकली होती, ऊन मी म्हणत होतं, आणि स्टँडमागच्या त्या गाळ्यात पंखा होता. बाई पंख्यासाठी आत शिरल्या आणि पाहतात तर बबन मशीनपुढे. बबन म्हणजे आमच्यातलाही तळाचा गाळ. वर्गात त्याला साधा त्रिकोण उलटा केलेला ओळखू यायचा नाही. इथं तो वरून पडणाऱ्या वाकड्यातिकड्या विटा एका हातानं दांडी हलवत आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं बटण दाबत, हवेतल्या हवेत फिरवून, नेमक्या खाचेत बसवत होता. एक ओळ भरली की ती पुसली जायची, आणि बबन पुढच्या विटेवर.

गाळ्यातली मोठी पोरं बाईंना पाहून पळाली. बबनला पत्ताच नव्हता. बाई त्याच्या मागे तशाच उभ्या राहिल्या. शेवटी विटांचा ढीग छताला भिडला, तो मेला, वळला, आणि समोर बाई. पुढची गोष्ट बबन अजून सांगतो. त्यानं गाल पुढे केला. बाईंनी हात वर केला, तो अंबाड्यातला खडू काढायला. आणि विचारलं, "का मेलास ते सांग."

"बाई, परत न्हाई येनार."

"ते नाही विचारलं. चांगला खेळत होतास. मग मेलास का?"

बबननं आयुष्यात पहिल्यांदा चार वाक्यं सलग बोलून दाखवली. उभी लांब वीट येईल म्हणून त्यानं एका कडेला जागा राखून ठेवली होती, ती आलीच नाही, आणि तिची वाट पाहण्यात बाकीचं चढत गेलं. बाई म्हणाल्या, "बरं. मग पुढं?" शाबास म्हणणं त्यांच्या कोशात नव्हतं. 'बरं, मग पुढं' हीच त्यांची पाठीवरची थाप.

गाळेवाला बाईंचाच जुना विद्यार्थी निघाला, त्यामुळे त्याची सुटका नव्हती. "बाई, लोकं काय म्हनतील?" तो म्हणाला.

"लोक मला म्हणतील. तू मशीन पूस."

शनिवारी दुपारी त्याच्याकडे गिऱ्हाईक नसायचं. तो मशीनचं झाकण उघडायचा, नाणं पडलं की हलणारी आतली पत्री बोटानं टिचकवून खेळ चालू करून द्यायचा आणि बाई असेपर्यंत तंबाखू खिशात ठेवून शहाण्यासारखा बसून राहायचा.

पोरं जास्त आणि चालू मशीन एकच, म्हणून बाईंनी जोड्या लावल्या. एक पुढे, एक मागे. पुढच्यानं हात चालवायचे आणि तोंड बंद ठेवायचं. मागच्यानं नुसतं बोलायचं, म्हणजे वीट खाली यायच्या आत ती कुठं जावी आणि का जावी ते सांगायचं. आम्ही मुली कायम मागे. दांडी धरू नका असं बाईंनी कधी म्हटलं नाही. आम्हीच धरत नव्हतो. रस्त्यावरून कुणी पाहिलंच तर 'उभी होते' असं सांगता येतं, 'खेळत होते' असं सांगता येत नाही, एवढं बाराव्या वर्षी मुलीला कळतं. मी बबनच्या मागे उभी राहायचे. "पाव फेरी दे, डावीकडं घे, तिथं खाच आहे, ती बुजली तर खालची ओळ अडकेल." पुढेपुढे मला वीट दिसायच्या आधी तिची जागा दिसायला लागली.

बाई स्वतः खेळायच्या तेव्हा मात्र बघवायचं नाही. इतकं वाईट खेळणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. छत्री काखेत तशीच, दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरलेली, आणि पाचव्या-सहाव्या विटेला खेळ खलास. मग वळून आम्हालाच म्हणायच्या, "आता मला विचारा." आम्ही एका सुरात विचारायचो, "बाई, का मेलात ते सांगा!" आणि बाई गंभीरपणे सांगायच्या, "खाली काय झालंय याचंच दुःख करत बसले, वरून काय येतंय ते बघितलंच नाही." गाळेवाला तोंडावर उपरणं घेऊन हसायचा.

एकदा बबननं मशीनवरचा सगळ्यात मोठा आकडा गाठला. त्याच्या नावाची इंग्रजी अक्षरं सगळ्यात वर झळकली आणि तेवढ्यात लाईट गेली. लाईट आली तेव्हा मशीन कोरं, जुनं सगळं पुसलेलं. बबन मोठ्यानं रडला. बाई म्हणाल्या, "मशीनच्या डोक्यातून गेलं. तुझ्या डोक्यातून गेलंय का?" बबननं नाक पुसत नाही म्हटलं. "मग रडतोस कशाला? जा, पुढं हो."

मी आता नगरला एका दवाखान्यात एक्स-रे काढते. उजवं-डावं, उलटं-सुलटं यातच आमचं सगळं काम. हाताखाली शिकायला आलेल्या पोरानं फिल्म चुकवली की मला जिभेच्या टोकावर आलेला प्रश्न गिळावा लागतो, कारण दवाखान्यात 'का मेलास' हे मोठ्यानं विचारता येत नाही. मी फक्त 'का?' म्हणते. पोरगं सांगतं, मॅडम, मशीन जुनं झालंय. मग मी खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसते. माझ्यात बाई शिरल्या आहेत हे माझ्या लक्षात येतं आणि मला बरं वाटतं.

तर ती सराव परीक्षा. गाळाची बाकं वेगळी मांडली होती आणि देखरेखीला खुद्द मोठे गुरुजी. बुद्धिमत्तेचा पेपर सुरू झाला आणि थोड्याच वेळात वर्गात आवाज यायला लागला. टक्. टक् टक्. इकडून टक्, तिकडून टक् टक् टक्. गुरुजी थांबले. चष्मा काढला. प्रत्येक पोराचा उजवा अंगठा बाकाच्या कडेवर आपटत होता. त्यांनी दोन मिनिटं कान देऊन ऐकलं आणि गर्जना केली, "पेनं खाली ठेवा! खुणा करून उत्तरं सांगता काय रे?"

कुणीच कुणाला काही सांगत नव्हतं. मशीनवर बटण एकदा दाबलं की वीट पाव फेरी फिरायची. पोरांनी तीच सवय बाकावर आणली होती. अर्ध्या फेरीला दोन टिचक्या, पाऊण फेरीला तीन. पुस्तक आणि माना सोडल्या, आता बाक धरलं होतं. गुरुजींनी बबनला उभं केलं आणि तो भोळेपणानं म्हणाला, "गुर्जी, टक् केल्याबिगर फिरत न्हाई. मशीनवर बी तसंच हाय." "कसलं मशीन?" गुरुजींनी विचारलं आणि सगळं उघडं पडलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत पालकांची सभा. पालक म्हणजे बाया-माणसं मिळून सगळा वर्ग भरलेला. माझी आईही आली होती, मला हाताला धरून घरी न्यायला. ती शेतावरून तशीच आली होती आणि तिचा राग दारातूनच दिसत होता. "बाई, लेक तुमच्या हवाली केली हुती. तुमी तिला जुगाराच्या अड्ड्यावर नेली?"

"जुगार नाही. पण गाळ्यात नेलं, हे खरं. मीच नेलं," बाई म्हणाल्या.

मोठे गुरुजी म्हणाले, "बाईंचं म्हणणं, त्या खेळानं बुद्धी वाढते. पाहू या." त्यांनी फळ्यावर विळा काढला आणि वर उजवीकडे त्याच्या टोकाला ठिपका दिला. "हाताची घडी, तोंडावर बोट! ज्याला विचारीन त्यानंच बोट काढायचं. हा विळा उजवीकडे पाऊण फेरी फिरवला तर ठिपका कुठं येईल? बबन, तू सांग."

हाताची घडी घालून उभा राहिलेला बबन विळ्याकडे पाहत राहिला. त्याचा अंगठा काखेत हलायला लागला. "अंगठा!" गुरुजी ओरडले. अंगठा थांबला आणि बबनही थांबला. मशीनवर आकडे गाठणारा आमचा बबन घामाघूम होऊन उभा होता. दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. सगळ्यांचे अंगठे काखेत आणि बुद्धी अंगठ्यात. पालकांत कुजबुज सुरू झाली. मला बाईंकडे बघवेना.

मग गुरुजींनी मला विचारलं. मी तोंडावरचं बोट काढलं आणि मागे उभं राहून बोलायच्या सवयीनं बोलून गेले, "उजवीकडे पाऊण फेरी म्हणजे डावीकडे पाव फेरी. ठिपका वर डाव्या कोपऱ्यात येईल." गुरुजींनी फळ्यावर काढून पाहिलं. ठिपका तिथंच आला. त्यांनी आणखी दोन मुलींना दुसऱ्या आकृत्या विचारल्या. त्यांनाही आल्या.

"निम्म्यांना येतंय, निम्म्यांना नाही," गुरुजी म्हणाले. "मग खेळाचा उपयोग काय झाला, बाई?"

आणि बाईंचा चेहरा उजळला. भर सभेत, नोकरीवर गंडांतर आलेलं असताना, ती बाई आनंदली. अंबाड्यातला खडू हातात आला. "मी मेले, गुरुजी," त्या म्हणाल्या. एक आजोबा घाबरून उठून उभे राहिले. "आणि का मेले ते आत्ता कळलं. पुढे उभ्या पोरांचं शहाणपण बटणात राहिलं. मागे उभ्या पोरींच्या हातात बटण नव्हतं, म्हणून त्यांना वीट डोक्यात फिरवावी लागली आणि का फिरवली ते तोंडानं सांगावं लागलं. मी मशीनकडे बघत बसले. मागे उभ्या पोरींकडे माझं लक्षच नव्हतं."

"म्हंजी तुमी चुकल्या?" कुणीतरी मागून विचारलं.

"चुकले. विहिरीला पाणी लागलं नाही तर तुम्ही काय करता? खणणं सोडता, की जागा बदलता?"

शाळेतलं माणूस आपण होऊन चूक कबूल करतंय हे त्या पालकांनी कधी पाहिलं नसावं. मोठ्या गुरुजींनी फळ्यावरचा ठिपका पुसला. मग म्हणाले, "यांचे फॉर्म जातील. पण एकही पोर पास झालं नाही, तर पुढच्या वर्षीपासून सातवी तुमच्याकडे नाही. आणि हे जादा तासही नाहीत."

"मान्य," बाई म्हणाल्या.

माझी आई मात्र सहजासहजी हलणारी नव्हती. "आमची यील. पर मागंच हुबी ऱ्हाईल. त्या मशीनला हात लावायचा न्हाई."

"मान्य," बाई याही वेळी म्हणाल्या.

त्यानंतर बाईंनी आळीपाळी लावली. पुढचे मागे, मागचे पुढे, एक मी सोडून. नंतर नंतर तर मशीन बंद करून फळ्यावर विटा काढायच्या आणि अंगठा मुठीत धरून नुसतं सांगायचं. बबनला सुरुवातीला शब्दच सापडायचे नाहीत. मग तो असा काही बोलायला लागला की गाळेवाला म्हणाला, "बाई, याला आता गप करायचं औषद सांगा." मी मागे उभी राहून सगळ्यांच्या चुका काढण्यात इतकी तरबेज झाले की पोरं मला टरकून असायची. परीक्षेला जाताना एकच खात्री सगळ्यांना होती, की आणखी कुणी नाही तरी मी नक्की पास होणार. मलाही होती.

निकाल सुट्टीत लागला. बबनचं नाव यादीत आलं. गाळातली आणखी काही पोरं पास झाली. मोठे गुरुजी पेढे घेऊन स्वतः बबनच्या घरी गेले आणि वाटेत भेटलेल्या बाईंना म्हणाले, "पुढच्या वर्षीचा गाळ कधी नेताय?" बाई जिंकल्या होत्या.

मी नापास झाले होते. तेही बुद्धिमत्तेच्या पेपरात.

मला इतकं वाईट आयुष्यात फार कमी वेळा वाटलंय. मी न जेवता भिंतीकडे तोंड करून पडले होते. दुपारी अंगणात छत्री मिटल्याचा आवाज आला आणि बाई आत आल्या. आईनं सतरंजी टाकली, पाणी दिलं आणि म्हणाली, "जाऊ द्या बाई. तिच्या नशिबातच नव्हतं."

"नशीब आणि मशीन सोडून बोला," बाई म्हणाल्या. मग बाईंनी मला उठवून बसवलं आणि फार हळू आवाजात विचारलं, "का मेलीस ते सांग."

मी खूप रडले. बाई थांबल्या. त्यांना घाई नसायची. शेवटी मी म्हणाले, "उत्तरं येत होती. पण लिहायच्या आधी मी परत तपासायचे. मग परत. शेवटची दोन पानं राहून गेली."

"का तपासायचीस?"

"भीती वाटायची. बबनच्या मागे उभी असताना माझं चुकलं तर बबन मरायचा." मी नाक पुसलं. "इथं मीच होते."

बाईंनी काखेतली छत्री खाली ठेवली. मग आईकडे वळल्या. "हिला बघता येतं, सांगता येतं. पण वीट पडायच्या आत बटण दाबायचं, चुकलं तर आपलं आपण मरायचं आणि परत उभं राहायचं, हे मी हिला शिकू दिलं नाही. तुमची अट मी सभेत मान्य केली. मला फॉर्मची घाई होती. यात मीही मेले."

आई चुलीकडे पाहत बसली होती. मला वाटलं ती आता चिडणार. ती उठली, पदर डोक्यावरून घेतला आणि दारातल्या चपला पायात सरकवत म्हणाली, "चला. कुटं हाय ते मशीन?"

आम्ही तिघी भर दुपारी स्टँडवरून चालत गेलो. लोक बघत होते आणि आई सरळ पुढे पाहत चालली होती. गाळेवाला आम्हाला पाहून उठून उभा राहिला. काही न विचारता त्यानं उपरण्यानं दांडी पुसली, झाकण उघडलं, पत्री टिचकवली.

"पुढं हो," बाई म्हणाल्या.

मी पहिल्यांदा दांडी धरली. ती मला वाटली होती त्याहून सैल होती. मागे बाई उभ्या होत्या आणि आई उंबऱ्यावरच थांबली होती. वीट आली. कुठं जायला हवी ते मला केव्हाच दिसत होतं, आणि अंगठा उठत नव्हता. ती पडली. दुसरी आली, तीही वाकडी पडली. तिसरीला मी बटण दाबलं. वीट फिरली आणि खाचेत बसली. माझ्या तोंडून काहीतरी ओरडल्यासारखा आवाज निघाला. मग मी दाबतच सुटले, चुकत, बसवत, चुकत. बांगड्यांचा आवाज जवळ जवळ येत होता. "अगं फिरव की!" आई अगदी कानाशी ओरडली. "तिकडं न्हाई, तिकडं भोक हाय! फिरव, फिरव!"

ढीग छताला भिडला. मी मेले. पाटी लुकलुकायला लागली. मागे वळले तर बाईंचा खडू हातात आला होता आणि तोंड उघडलं होतं, पण आईनं त्यांना बाजूला सारलं. कमरेवर हात ठेवून, डोळे मोठे करून ती माझ्यासमोर उभी राहिली.

"का मेलीस गं?" ती म्हणाली. "नशीब आन् मशीन सोडून बोल."